चालतंय की!

‘चालतंय’ हा मराठी भाषेतला सर्वांत घातक शब्द आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा शिवी परवडली. शिवी कुणी कुणाला दिली हे निदान कळतं तरी. ‘चालतंय’ला कर्ता नसतो. काय चालतंय, किती दिवस चालणार आणि कुणाच्या जिवावर चालतंय, यातलं काहीही न सांगता हा शब्द कामाच्या मानगुटीवर बसतो आणि म्हणतो, ‘आता पुरे.’ गवंडी गळक्या गच्चीखाली उभा राहून म्हणतो, ‘थोडं पाझरेल, पण चालतंय.’ सुतार न लागणारं दार खांद्याने रेटून लावतो आणि म्हणतो, ‘बघा, चालतंय की!’ जणू यापुढे रोज सकाळी तो स्वतः खांदा घेऊन येणार आहे.

गवंडी आणि सुतार यांच्याशी माझं भांडण जुनं आहे आणि त्यात मी हरलेलोही आहे. आजची तक्रार संगणकवाल्यांविरुद्ध आहे. त्यातही सगळ्यांविरुद्ध नाही. यूएसबीच्या खाचेत एखादं उपकरण खुपसून, त्यातून येणारे आकडे काळ्या पडद्यावर पळताना दाखवून, ‘झालं काका, चालतंय!’ असं म्हणणारे जे आहेत, त्यांच्याविरुद्ध. उपकरण लिनक्सच्या संगणकाला जोडणं म्हणजे लग्न ठरवणं. ते पडद्याआड, रात्रंदिवस, कुणी लक्ष न देता चालत राहील अशी व्यवस्था लावणं म्हणजे संसार. आणि आमचे तज्ज्ञ साखरपुड्याचे पेढे खाऊन निघून जातात.

‘लिनक्स’ हा शब्द वाचूनच ज्यांच्या पोटात गोळा आला असेल, त्यांनी पान उलटू नये. विषय पाण्याच्या टाकीचा आहे.

आमची सोसायटी पुण्यातली. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, एक वॉचमन आणि सोळा मतं. पालिकेचं पाणी येतं ते जमिनीखालच्या टाकीत. तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. वर्षानुवर्षं हे काम वॉचमन करत आले. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. पहाटे चारला उठायचं, बॅटरी घेऊन खालच्या टाकीत डोकवायचं, मग चार जिने चढून वरच्या टाकीत डोकवायचं, मग पंप. या उपद्व्यापाबद्दल त्यांना महिना तीनशे रुपये ‘पाणी भत्ता’ मिळे. ही रक्कम वाचकांनी लक्षात ठेवावी. माझं सगळं भांडण त्या तीनशे रुपयांवर उभं आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात सेक्रेटरींचे भाचे इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची सुट्टी घालवायला मामाकडे आले. (म्हणजे सेक्रेटरींकडे. वॉचमन मामा निराळे.) मुलगा हुशार, गुणी आणि हसतमुख. त्याने दोन्ही टाक्यांत पाण्याची उंची मोजणारा एकेक सेन्सर टांगला. प्रत्येकाची तार मीटररूममध्ये आणली आणि तिच्या टोकाला अंगठ्याएवढा एकेक कन्व्हर्टर लावून दोन्ही कन्व्हर्टर संगणकात खोचले. वरची टाकी रिकामी आणि खालची भरलेली असेल तर पंप आपोआप सुरू, वरची भरली किंवा खालची आटली की बंद. खर्च एका पैठणीहून कमी. पडद्यावर आकडे धावू लागले तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मुलाची दृष्ट काढली. त्याच महिन्याच्या सभेत ‘स्वयंचलित यंत्रणा कार्यान्वित झाल्याने’ मामांचा पाणी भत्ता बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे मी गावी गेलो होतो.

आता गंमत पाहा. चिरंजीवांनी आपला लॅपटॉप मिटून बगलेत मारला, तेव्हा यंत्रणाही बगलेत गेली. मग तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मुलाचा जुना संगणक मीटररूमला दान दिला. त्यावर उबुंटू नावाचं लिनक्स चढवलं. प्रोग्रॅम सुरू झाला. पण ती काळी खिडकी बंद केली की प्रोग्रॅमही बंद! चिरंजीवांना याचं आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. मी एकोणचाळीस वर्षं तारखात्यात काढली आहेत.

लिनक्स हा १९९१ चा अवतार असला तरी त्याचं घराणं १९६९ च्या युनिक्सचं, आणि त्या घराण्याचे सगळे कुळाचार आमच्या खात्याचे आहेत. उपकरणाला संगणक ज्या नावाने ओळखतो त्यात ‘टीटीवाय’ ही अक्षरं असतात; ती टेलिटाइपरायटरची, म्हणजे आमच्या टेलिप्रिंटरची. आकडे किती वेगाने येतात ते ‘बॉड’मध्ये मोजायचं, ते माप एमिल बोदो या फ्रेंच तारवाल्याच्या नावाचं. आमचा टेलिप्रिंटर ५० बॉडने खडखडायचा, ही टाकी ९६०० ने बोलते, एवढाच फरक. आणि खिडकी मिटली की प्रोग्रॅमला जी खूण पाठवली जाते तिचं नाव ‘हँगअप’. म्हणजे पलीकडच्याने फोन ठेवला, आता तुझं काम संपलं, तू मर. भारतातली तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. पण प्रत्येक लिनक्सच्या पोटात तारखातं अजून कामावर आहे.

यावर उपाय काय केला? मीटररूममधला पडदा रात्रंदिवस पेटता ठेवला आणि त्यावर पुठ्ठा लावला : ‘ही खिडकी कोणीही बंद करू नये. – हुकमावरून.’ मी विचारलं, ‘अरे, हे असंच राहणार?’ तो म्हणाला, ‘चालतंय ना काका!’

वास्तविक खिडकीशिवाय, माणसाशिवाय, मुकाट्याने काम करत राहणाऱ्या प्रोग्रॅमसाठी संगणकवाल्यांकडे साठ वर्षांपासून शब्द आहे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रोजेक्ट मॅकच्या मंडळींनी अशा प्रोग्रॅमना ‘डीमन’ म्हणायला सुरुवात केली. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने एका विचारप्रयोगात कल्पिलेला, न थकता रेणूंची निवड करत बसणारा जो अदृश्य जीव, त्याच्यावरून. लोक याचं भाषांतर ‘राक्षस’ असं करतात. साफ चूक. तळकोकणात आणि गोव्यात याला नेमका शब्द आहे : देवचार.

आमचं मूळ गाव तिकडचं, म्हणून अधिकाराने सांगतो. देवचार दिसत नाही. त्याची जागा ठरलेली असते आणि हद्दही ठरलेली असते. रात्री काठी टेकत तो हद्दीवरून फिरतो, चुकलेल्याला वाटेला लावतो. तो घरात शिरून जेवायला मागत नाही, की तिजोरीची किल्ली मागत नाही. वर्षाकाठी मान द्यावा लागतो. आणि तो काम करतो की नाही याचा पुरावाही लोक ठेवतात. आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे गस्त झाली! ज्या समाजाने अदृश्य रखवालदाराकडूनही झिजलेल्या वहाणांचा हिशेब मागितला, त्याच समाजाची मुलं संगणकाच्या बाबतीत ‘चालतंय’वर समाधान मानतात, याचं मला नवल वाटतं.

आता नावाचा घोळ. माझ्या मते सगळ्या अनर्थाचं मूळ इथे आहे.

यूएसबीच्या खाचेत असा कन्व्हर्टर खोचला की लिनक्स त्याला ‘टीटीवाय-यूएसबी-शून्य’ असं नाव देतं. दुसरा आला की तो ‘एक’. आडनाव नाही, गाव नाही, गुण नाहीत. जो आधी ओळखला गेला तो शून्य. लग्नघरात जो पहिला आत आला तो नवरदेव, असं ठरवलं तर काय होईल, तेच इथे होतं. आमचे दोन्ही कन्व्हर्टर एकाच स्वस्त चिपचे, सीएच-३४० नावाच्या. जगात हिचे भाऊबंद असंख्य. प्रत्येकाच्या अंगावर कंपनीचा क्रमांक तोच, मालाचा क्रमांक तोच, आणि स्वतःचा असा अनुक्रमांक छापलेलाच नाही. जुळे भाऊ, एकसारखे कपडे, आणि दोघांना हाक एकच.

प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं : शून्य म्हणजे वरची टाकी, एक म्हणजे खालची. चार-पाच महिने हे खरं होतं. मग आली दिवाळी. नरक चतुर्दशीच्या रात्री दोनच्या सुमाराला वीज गेली आणि आली. संगणक पुन्हा सुरू झाला आणि या खेपेला खालच्या टाकीच्या कन्व्हर्टरची ओळख आधी पटली. तो शून्य झाला. वरच्या टाकीत वीतभर पाणी, खालची तुडुंब. पण प्रोग्रॅमच्या हिशेबाने वरची तुडुंब आणि खालची कोरडी. त्याने अत्यंत जबाबदारीने पंप बंद ठेवला. पहाटे पाचला सोळा बिऱ्हाडांतली माणसं अंगाला तेल-उटणं चोपडून मोरीत उभी, आणि नळातून फक्त हवा! ज्या घरातून आवाज आला नाही त्या घरातला माणूस डोळ्यांत उटणं गेल्यामुळे बोलू शकत नव्हता. अखेर मामांनी धावत जाऊन हाताने पंप सुरू केला. भत्ता बंद होऊन पाच महिने झाले होते.

यावर चिरंजीवांचा उपाय फोनवरून आला : ‘दोन्ही पिना काढून उलट्या लावा.’ लावल्या. चाललं! म्हणजे आता वीज पुन्हा तशीच गेली-आली की उलटं होणार. ते २०२४ च्या मे महिन्यात झालं. गुरुवारी पालिकेचं पाणी बंद, खालची टाकी आटलेली, वरची भरलेली. रात्री दिवे मिचकावले, नावं पुन्हा फिरली, आणि प्रोग्रॅमला वाटलं की वरची रिकामी आणि खालची भरलेली आहे. त्याने पंप सुरू केला. पंप रात्रभर हवा ओढत राहिला आणि पहाटे जळला. रिवाइंडिंगचं बिल आलं तेव्हा कमिटीच्या सभेत पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : ‘तेव्हा वॉचमन काय करत होता?’

इथे मी उठून बोललो. आवाज चढला असेल. ज्या कामाचे पैसे तुम्ही ‘यंत्र करतं’ म्हणून बंद केले, ते यंत्राने बिघडवल्यावर दोष मात्र त्याच माणसाचा? मामा त्या रात्री गेटवर होते, म्हणजे जिथे असण्याबद्दल त्यांना पगार मिळतो तिथे. आणि खरं सांगायचं तर भत्ता बंद झाल्यावरही मामा पहाटे चारला उठून दोन्ही टाक्यांत डोकवतच होते, कारण त्यांचा त्या पुठ्ठ्यावर विश्वास नव्हता. त्या दिवशी ते वर पोचेपर्यंत पंपाचा जीव गेला होता, एवढंच. म्हणजे यंत्र बसवून आम्ही काय मिळवलं? तेच काम, तोच माणूस, फक्त फुकट.

‘चालतंय’ या शब्दाला कर्ता नसतो असं मी वर म्हटलं, ते थोडं दुरुस्त करतो. कर्ता असतो. तो रात्रपाळीला असतो, आणि त्याला सभेला बोलावलेलं नसतं.

चिरंजीव तोवर नोकरीला बंगळुरूला गेले होते. मीटररूमची किल्ली मी मागून घेतली. बायको म्हणाली, ‘या वयात?’ मी म्हटलं, टीटीवाय आहे, म्हणजे आपल्याच खात्याचं आहे. मग महिनाभर रोज दुपारी वाचत बसलो. लिनक्सबरोबर माहितीची जी पानं येतात त्यांना ‘मॅन पेज’ म्हणतात. ती सासूसारखी आहेत : सगळं बरोबर सांगतात, पण समजावून सांगत नाहीत.

पहिलं काम नावाचं. कन्व्हर्टर सारखे असले तरी खाचा वेगळ्या आहेत, आणि कोणतं उपकरण कुठल्या खाचेत आहे हे लिनक्सला ठाऊक असतं. ‘यूडेव्ह’ नावाचा त्याचा कारकून दारात बसलेला असतो. त्याला एका ओळीत सांगून ठेवता येतं, की मागच्या बाजूच्या वरच्या खाचेत जो कुणी येईल त्याला ‘टाकी-वर’ म्हण आणि खालच्या खाचेतल्याला ‘टाकी-खाली’. शून्य-एक खुशाल फिरू देत. प्रोग्रॅमने हाक मारायची ती या नावांनी. मात्र इथे अडचण अशी, की वायरमनने उद्या पिनाच उलट्या लावल्या तर नावंही उलटी होतील. म्हणून एक खाच आणि तिची पिन लाल, दुसरी गुलाबी. नेलपॉलिश सुनेने दिलं. एक बाटली संपली आणि घोळही संपला. (अनुक्रमांक छापलेला कन्व्हर्टर घेतला असता तर तेही लागलं नसतं, पण तेव्हा ऐंशी-शंभर रुपये वाचले होते.)

या क्रमांकांच्या गरिबीचे आणखी किती प्रताप सांगू? आमच्या उबुंटूची आवृत्ती २०२२ सालची. तिच्यात अंधांसाठी ब्रेलचे पडदे चालवणारा ‘बीआरएलटीटीवाय’ नावाचा एक फार उपयुक्त डीमन असतो. एका ब्रेल पडद्याच्या आत हीच चिप असल्याने क्रमांकही हेच! त्यामुळे सीएच-३४० चं काहीही खोचलं की तो येऊन ‘हा माझा’ म्हणून पोर्ट ताब्यात घ्यायचा. पुढच्या सुधारणांत ते दुरुस्त झालं. दोष ब्रेलचा अजिबात नाही. एकाच रेशनकार्डावर हजार माणसं जेवायला बसवणाऱ्यांचा आहे. दुसरे गृहस्थ ‘मोडेम मॅनेजर’. हे प्रत्येक नव्या पाहुण्याला अडवून ‘एटी’, ‘एटी’ असं विचारतात. म्हणजे, ‘आपण मोडेम का?’ टाकी बिचारी काय सांगणार? त्यांनाही एका ओळीत कळवावं लागतं, की या उपकरणाकडे आपण लक्ष देऊ नये.

आणि नाव पुसून टाकण्याचा प्रकारही घडलेला आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या स्कॉटलंडच्या कंपनीचा विंडोजवरचा नवा ड्रायव्हर आला. त्याला आपल्या चिपची नक्कल सापडली की तो तिच्या मालाचा क्रमांक पुसून शून्य करून टाकायचा. ज्यांनी भोळेपणाने विकत घेतलं त्यांचं उपकरण एका सकाळी अनामिक! ओरडा झाला, कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. लिनक्सवाल्यांनी मात्र त्या शून्य क्रमांकालाही आपल्या यादीत जागा दिली आणि तिथे नाव घातलं ‘ब्रिक’, म्हणजे वीट. आपल्याकडे विटेचं महत्त्व निराळं सांगायला नको.

दुसरं काम अधिकाराचं. चिरंजीवांनी पोर्टला ‘सातशे सत्त्याहत्तर’ करून ठेवलं होतं. हा आकडा म्हणजे घराच्या दाराला ‘या, बसा, काहीही न्या’ अशी पाटी. बरं, ते टिकतही नाही. पिन काढून लावली की दार नव्याने तयार होतं आणि पाटी गायब. म्हणून मग प्रोग्रॅमच ‘रूट’च्या, म्हणजे संगणकाच्या मालकाच्या अधिकारात चालवायचा! टाकीत डोकावायला माणूस ठेवला आणि त्याला सातबारा लिहून दिला! उबुंटूत सीरियल पोर्ट वापरू शकणाऱ्यांचा एक गट आधीपासून आहे. त्याचं नाव वाचून माझे डोळे पाणावले : ‘डायलआउट’. पुन्हा आमचंच खातं. मी ‘पाणक्या’ नावाचा एक वापरकर्ता निर्माण केला, त्याला डायलआउट गटात घातलं, आणि बाकी काही दिलं नाही. पाणक्याला कावड द्यावी, तिजोरीची किल्ली नव्हे.

तिसरं काम खुद्द सर्व्हिसचं. म्हणजे एक चिठ्ठी लिहायची, जेमतेम पंधरा ओळींची. कोणता प्रोग्रॅम, कुणाच्या नावाने, केव्हा सुरू करायचा, मेला तर काय करायचं. ती चिठ्ठी ‘सिस्टिमडी’ नावाच्या कारभाऱ्याकडे द्यायची. हा कारभारी २०१० साली आला आणि त्याच्यावरून लिनक्सच्या जगात अशी भांडणं झाली की आमची सोसायटी त्यापुढे भजनी मंडळ. २०१४ साली डेबियन या जुन्या घराण्यात त्याला घ्यायचं ठरलं, तर काही मंडळींनी वेगळी चूल मांडून देवुआन नावाचं बिऱ्हाड थाटलं. त्या वादात मी पडत नाही. कारभारी कुणीही असो, चिठ्ठी नीट लिहा, एवढंच माझं म्हणणं.

पण चिठ्ठीतही ‘चालतंय’वाले शिरतातच. फोनवर चिरंजीव म्हणाले, ‘काका, रीस्टार्ट ऑलवेज टाका की झालं!’ म्हणजे मेला की पुन्हा उठवा. ऐकायला छान. पण वेगळं काही सांगितलं नाही तर हा कारभारी मेलेल्याला सेकंदाच्या दहाव्या भागात उठवतो, आणि दहा सेकंदांत पाचदा उठवूनही मेला तर नाद सोडून देतो. पहाटे वीज आल्यावर कन्व्हर्टर जागा व्हायला दोन सेकंद लागले, की तेवढ्यात आमचा पाणक्या पाचदा जन्मून पाचदा मेलेला असायचा. मग दिवसभर सामसूम. म्हणून लिहायचं, की उठवण्यापूर्वी पाच सेकंद थांब. तेवढी उसंत मिळाली की तो मर्यादेत सापडतच नाही. शिवाय असंही लिहायचं, की ‘टाकी-वर’ आणि ‘टाकी-खाली’ दाखल झाल्याशिवाय सुरूच होऊ नकोस. कुणी म्हणेल, ‘क्रॉन’ला संगणक सुरू झाल्यावर हाक मारायला सांगितलं तरी भागतं. भागतं, एकदा. क्रॉन हाक मारून निघून जातो. ऐकणारा पुढे जगला की मेला हे तो पाहत नाही.

आणि मरणं तर सोपं. जिवंतपणी झोपणं वाईट. एकदा तार सैल झाली. कन्व्हर्टर जागेवर, प्रोग्रॅम जिवंत, पण टाकीकडून शब्द येईना, आणि हा कानाला हात लावून वाट पाहत उभा. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच : १४२ सेंटिमीटर. तीन दिवस १४२. सोळा बिऱ्हाडांनी तीन दिवस पाणी वापरून टाकीतला एक थेंब कमी झालेला नाही, हे पाहून सेक्रेटरी म्हणाले, ‘बघा, किती स्थिर चालतंय!’ त्या तीन दिवसांतही पंप कुणी चालवला, हे सांगत नाही.

यावरचा उपाय आपल्याकडे पूर्वी होता. गुरखा तासातासाला लोखंडी खांबावर काठीने टोला देई. टोल ऐकू आला की लोक कूस बदलून झोपत. टोल आला नाही की उठून बसत. सिस्टिमडीत याला ‘वॉचडॉग’ म्हणतात. प्रोग्रॅमने ठरावीक वेळात ‘जागा आहे’ असा टोल द्यायचा. नाही दिला तर कारभारी त्याला मारून नवा उभा करतो. मी टोल असा बांधला, की दोन्ही टाक्यांकडून ताजा आकडा आला तरच वाजेल. जुन्या आकड्यावर टोल नाही. अर्थात तारच सैल असेल तर कितीही पाणक्ये बदलले तरी काय उपयोग? म्हणून तीन वेळा असं झालं की पंप बंद, आणि निरोप जातो तो सेक्रेटरींच्या मोबाइलवर. मामांच्या नव्हे. हा बदल मी मुद्दाम केला आणि त्याची कल्पना सेक्रेटरींना पहाटे साडेतीनला आली.

आणि वहाणा? त्याही आहेत. हा डीमन केव्हा उठला, केव्हा मेला, काय वाचलं, सगळं रोजनाम्यात उतरतं. गेल्या पावसाळ्यात वीज अकरा वेळा गेली. अकरा वेळा पाणक्या स्वतः उठला, दोन्ही टाक्यांना नावाने हाक मारली आणि कामाला लागला. मीटररूममधला पडदा आता काळा असतो, पुठ्ठा रद्दीत गेला. बघायला काहीच नसल्यामुळे ‘काकांनी नेमकं काय केलं?’ असं कमिटीत विचारलं गेल्याचं कळतं.

काम झाल्यावर चिरंजीवांचा प्रेमाचा फोन आला. ‘काका, एवढ्याशा टाकीसाठी केवढा खटाटोप! माझंही चालतच होतं की.’ मी त्याला म्हटलं, ‘बाळ, तुझं चालत नव्हतं. मामा चालत होते. दोनदा, चार-चार मजले, पहाटे.’ तो गप्प झाला. पोरगा मुळात गुणी. नंतर त्याने प्रोग्रॅमच्या दोन चुका स्वतः दुरुस्त करून पाठवल्या आणि खाली तारीख घातली.

मामा आता चारला उठत नाहीत. म्हणजे जाग येते, पण उठत नाहीत, असं म्हणाले. मात्र २०२३ च्या जूनपासून पाणक्याला सर्व्हिस मिळेपर्यंत सतरा महिने त्यांनी जे काम फुकट केलं, त्याचे सतरा गुणिले तीनशे म्हणजे ५,१०० रुपये सोसायटी त्यांचं देणं लागते, असा ठराव मी वार्षिक सभेसाठी दिला आहे. पुरावा म्हणून पुठ्ठा जपून ठेवायला हवा होता. पण रद्दीवाल्याचं माप मोठं होतं. विषयपत्रिकेवर तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात घातलेला आहे. सूचक मी. अनुमोदक मिळायचा आहे. सभा रविवारी सकाळी दहाला गच्चीवर, वरच्या टाकीशेजारी. गणपूर्ती न झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. मी साडेदहालाच जाणार आहे.